रूट नाही म्हणून टेस्ट अडली?

प्रश्न: पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेसच्या सोर्स कोडमध्ये छोटासा बदल केलाय, रिग्रेशन टेस्ट (बदलामुळे आधीचं काही बिघडलं नाही ना हे बघणाऱ्या टेस्ट) चालवायच्यात. पण ऑफिसच्या शेअर्ड लिनक्स मशीनवर मला रूट (मशीनवर सगळे अधिकार असलेला यूजर) नाही, सुडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवायची सोय) पण नाही. घरच्या मशीनवर सुडो लावून मेक चेक (टेस्ट चालवायची कमांड) मारलं तर सुरुवातीलाच 'इनिटडीबी फेल्ड' म्हणून बंद पडलं (इनिटडीबी म्हणजे नवा डेटाबेस उभा करणारा प्रोग्राम). अ‍ॅडमिनकडे परमिशन मागू का?

उत्तर: अजिबात नको! घरी ते बंद पडलं तेच मुळी सुडोमुळे. लॉग फोल्डरमधली इनिटडीबीची फाईल उघडून बघा, रूट म्हणून चालवता येणार नाही असं सरळ लिहिलेलं असेल. पोस्टग्रेस सर्व्हर रूटखाली उठतच नाही, कारण उद्या त्यात एखादं भोक निघालं तर अख्खं मशीन हातचं जाऊ नये. कंटेनरमध्ये (मशीनवरच वेगळं केलेलं वातावरण) बाय डिफॉल्ट रूट असतो, तिथेही लोक हेच डोकं आपटत बसतात.

गोंधळ कुठे होतो तर सुपरयूजर या शब्दात. मशीनचा रूट वेगळा आणि डेटाबेसचा सुपरयूजर वेगळा. टेस्टना टेबलस्पेस (डेटा ठेवायची जागा) बनवणं, रोल (डेटाबेसमधला यूजर) बनवणं असलं सगळं लागतं म्हणजे दुसरा लागतोच, पण मेक चेक काय करतं, बिल्डच्या फोल्डरमध्येच तात्पुरतं इन्स्टॉल करतं, नवा कोरा क्लस्टर (एका सर्व्हरखालचा डेटाबेसचा संच) बनवतं, आणि तो ज्या यूजरने बनवला तोच त्याचा सुपरयूजर होतो, म्हणजे तुम्हीच. कनेक्शनही टेम्प फोल्डरमधल्या सॉकेटवरून (एकाच मशीनवरच्या प्रोग्रामना जोडणारी खास फाईल), तेव्हा चालू असलेल्या दुसऱ्या पोस्टग्रेसला धक्का लागत नाही. मेक इन्स्टॉलचेकचं मात्र तसं नाही हं, ते आधीच चालू असलेल्या सर्व्हरवर चालतं, तिथे सुपरयूजर रोल मागावा लागेल, आणि ज्यात खरा डेटा आहे अशा सर्व्हरवर तर ते चुकूनही चालवू नका.

खरी अडचण आधीच येते, कॉन्फिगरला (बिल्डच्या आधी तयारी करणारी स्क्रिप्ट). रीडलाईन (कमांड टाइप करताना सोयीची लायब्ररी) किंवा आयसीयूच्या (भाषेप्रमाणे क्रम लावणारी लायब्ररी) डेव्हलपमेंट फाईली नसतात आणि पॅकेज टाकायला परवानगी नसते. मग कॉन्फिगरला विदाउट-रीडलाईन, विदाउट-आयसीयू हे पर्याय देऊन पुढे जा (आवृत्ती 16 पासून आयसीयू आपोआप धरलं जातं, म्हणून मुद्दाम नाही म्हणावं लागतं). प्रीफिक्स (इन्स्टॉल करायची जागा) होम फोल्डरमधला दिला की पुढेमागे मेक इन्स्टॉलही तुमचं तुम्हाला जमेल.

दुसरं म्हणजे शेअर्ड मशीनवर प्रत्येक यूजरला प्रोसेसची मर्यादा घातलेली असते. टेस्ट एका वेळी 20 पर्यंत चालतात, प्रत्येकीची एक सर्व्हर प्रोसेस आणि एक पीएसक्यूएल (डेटाबेसला कमांड पाठवणारा प्रोग्राम), झाल्या 40. मर्यादा निदान 50 तरी हवी, नाहीतर कधी ही टेस्ट पडते कधी ती, आणि आपण आपल्याच कोडवर संशय घेत बसतो. मेक चेकला मॅक्स कनेक्शन्स 10 देऊन चालवा, वेळ थोडा जास्त जाईल पण चालेल.

घरच्या मशीनवर सुडोने बिल्ड केलेल्या फाईली आता रूटच्या मालकीच्या झाल्या असणार, मेक क्लीनलाही (बिल्डच्या फाईली साफ करणारी कमांड) परमिशन डिनाइड येईल. सोर्स दुसऱ्या फोल्डरमध्ये नव्याने काढा, साध्या यूजरने बिल्ड करा. त्यानंतरही टेस्ट पडलीच तर रिग्रेशन डिफ्सची फाईल (अपेक्षित आणि आलेल्या निकालातला फरक) बघा, फरक फक्त ओळींच्या क्रमाचा असेल तर बहुतेक लोकॅलचा (भाषा-प्रदेशाची सेटिंग) घोळ, तेव्हा मेक चेकला नो-लोकॅल 1 देऊन बघा. आणि तुमचा बदल न घातलेल्या सोर्सवर एकदा चालवा, तिथेही तीच टेस्ट पडत असेल तर तुमच्या कोडची काही चूक नाही.