पावसासाठी ठेवलेला दिवस आणि परवानगीपत्रातली तारीख

तुमचा प्रश्न मी काल रात्री दोनदा वाचला. झाडांनी वेढलेल्या अंगणात ऐंशी खुर्च्या, पुढच्या सहा आठवड्यांत एकाआड एक अशा तीन शनिवारी तीन स्वतंत्र कलाकारांच्या मैफली, हातात परवानगीपत्र, प्रवेशिकांची विक्री सुरू, आणि आता तुमची विचारणा अशी की वर छत घालावे का आणि ध्वनिव्यवस्था किती मोठी मागवावी. या दोन्हींबद्दल मी खाली लिहिले आहे. परंतु तुम्ही जाहिरातीचा जो मजकूर सोबत दिला आहे, त्याच्या शेवटच्या ओळीशी मी थांबलो: ‘पाऊस आल्यास कार्यक्रम दुसऱ्या दिवशी त्याच वेळी होईल.’ काही वर्षांपूर्वी जवळपास याच शब्दांत ही ओळ मीही छापली होती, आणि माझ्या सगळ्या मैफलींत मिळून जेवढे नुकसान झाले नाही तेवढे त्या एका ओळीने झाले. म्हणून उत्तर लांबले तर समजून घ्यावे.

आमच्याकडे सत्तर खुर्च्या होत्या आणि मालिकेतली ती तिसरी मैफल होती. स्वतःच्या रचना गाणारी एक गायिका दोन साथीदारांसह बराच प्रवास करून येणार होती. परवानगीचा अर्ज मी दीड महिना आधी दिला होता, आणि पाऊस आल्यास काय करायचे हे खिडकीवर मुद्दाम विचारलेही होते. समोरच्या कर्मचाऱ्याने फायलीची दोरी बांधता बांधता सांगितले, “तारीख बदलली तर कळवून टाका, त्यात काही नाही.” त्या उत्तराने मी निश्चिंत झालो. चूक घडली ती तिथेच. पुढे हातात आलेल्या परवानगीपत्रात स्पष्ट लिहिले होते की सदर परवानगी केवळ वर नमूद केलेल्या दिनांकास व वेळेस लागू राहील. ते वाक्य मी वाचले होते, पण सगळ्याच सरकारी पत्रांत असते तसे ते ठरावीक वाक्य समजून सोडून दिले होते.

शनिवारी दुपारी पावणेपाचला पाऊस आला आणि साडेपाचला आम्ही कार्यक्रम पुढे ढकलला. ‘कळवून टाकायचे’ ते कोणाला, हा प्रश्न मला तेव्हा प्रथम पडला, कारण कार्यालय सोमवारपर्यंत बंद होते. मी ईमेल पाठवला आणि कार्यालयाच्या दाराखालून एक पत्र आत सरकवले. रविवारी सहा वाजता साउंड चेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, चालू असताना दोन अधिकारी आले. त्यांनी शांतपणे परवानगीपत्र मागितले आणि मी ते मोठ्या विश्वासाने पुढे केले. त्यांच्यापैकी एकाने तारखेच्या आकड्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, “हे कालचं आहे.” फाटकाबाहेर तोवर चाळीसेक माणसे येऊन उभी होती. गायिका मंचावर वाद्य लावून बसली होती आणि आमचे बोलणे तिला तिथून ऐकू येत होते. मी मंचाजवळ गेलो तेव्हा तिने काहीही न विचारता वाद्याची खोळ मागवली.

सोमवारी कार्यालयात खिडकीवर वेगळा कर्मचारी होता. त्याच्या म्हणण्यानुसार नव्या तारखेला नवा अर्ज लागतो, आणि अर्जाचा दिवस व कार्यक्रमाचा दिवस सोडून मध्ये पूर्ण सात दिवस असावे लागतात. “नुसते कळवले तरी चालते, असे मला इथेच सांगितले गेले होते,” असे मी म्हणालो, तेव्हा त्याने कोणी सांगितले ते विचारले, आणि माझ्यापाशी नाव नव्हते. माझे शनिवारचे पत्र एका ट्रेमध्ये शिक्का न मारता पडून होते. मी त्या कार्यालयात एकूण पाच फेऱ्या मारल्या. दर वेळी कोणी ना कोणी मला ऐकून घेतले, पण आपल्या नावाने एक ओळ लिहून द्यायला एकही जण तयार झाला नाही. एखाद्या नियमाचा अर्थ सांगायचा आणि तो कागदावर उतरवायचे टाळायचे, ही रीत लहान आयोजकाचे कंबरडे मोडते असे माझे ठाम मत आहे. मोठ्या आयोजकाकडे या कामासाठी पगारी माणूस असतो. आपल्याकडे आपणच असतो, आणि खुर्च्याही आपणच मांडत असतो.

प्रवेशिकांचे सगळे पैसे मी परत केले. मानधन पूर्ण दिले आणि ते द्यायलाच हवे होते, कारण कलाकार दोन्ही दिवस हजर होते. ध्वनिसाहित्याचे भाडे दोन दिवसांचे झाले. हे सारे पुढे भरून निघाले. ती गायिका मात्र पुन्हा आमच्याकडे आली नाही, आणि स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कलाकाराच्या वर्षातल्या मोजक्या संध्याकाळींपैकी एक माझ्यामुळे वाया गेली, याचे वाईट मला आजही वाटते.

आता तुमच्याबद्दल. नियम ठिकाणागणिक बदलतात आणि मी वकील नाही, तेव्हा पुढचे सारे अनुभवाचे बोल म्हणून घ्यावे आणि तुमच्या परवानगीपत्राशी ताडून पाहावे. पहिली मैफल व्हायला अजून अवधी आहे, म्हणून पर्यायी दिनांकाचा अर्ज लगेच द्यावा, तोही तिन्ही मैफलींसाठी एकदम. छापील अर्जात तारखेची एकच चौकट असेल तर प्रत्येक मैफलीचे दोन स्वतंत्र अर्ज करावेत आणि शुल्क दोनदा पडले तरी भरावे. अर्जाच्या आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. तोंडी मिळालेले उत्तर त्याच दिवशी पत्राने त्यांनाच परत लिहून कळवावे: ‘आज आपल्या कार्यालयात मला असे सांगण्यात आले, यात काही चूक असल्यास कळवावे.’ असे पत्र म्हणजे परवानगी नव्हे, पण निदान सांगणारा माणूस पुढच्या वेळी विचार करून सांगतो.

अर्जातल्या वेळेकडेही बारकाईने पाहावे. कार्यक्रम सात ते नऊ असला तरी स्पीकर पाच वाजता वाजू लागतात, आणि साउंड चेकचा आवाज शेजाऱ्यांच्या कानी तितकाच पडतो. म्हणून साउंड चेकसह सगळी वेळ अर्जात लिहावी. माणसे जमवण्याची परवानगी आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी ही बऱ्याच ठिकाणी दोन वेगवेगळी पत्रे असतात. तुम्ही एकाच पत्राचा उल्लेख केला आहे, त्यामुळे मला शंका आली.

केवळ कार्यालयाची संमती मिळून पर्यायी दिवस खरा होत नाही. कलाकार त्या दिवशी मोकळा आहे का, तो दिवस अडवून ठेवल्याबद्दल त्याला काय द्यायचे, साहित्य भाड्याने देणाऱ्याकडे त्या दिवशी दुसरे काम आहे का, हे सारे आधीच लेखी ठरलेले असावे. कार्यक्रम पुढे ढकलण्याचा निर्णय कोण घेणार आणि किती वाजता घेणार, हे प्रवेशिकेवर छापावे. आम्ही आता सुरुवातीच्या चार तास आधी निर्णय घेतो आणि तो एकच व्यक्ती घेते. खरे सांगायचे तर माझे आजचे मत असे आहे की ऐंशी माणसांच्या मैफलीला पर्यायी दिवसापेक्षा पर्यायी छप्पर अधिक उपयोगी पडते. चालत जाण्याच्या अंतरावर एखादे सभागृह, मोठी खोली किंवा शाळेचा वर्ग मिळत असेल तर तिथे माईकशिवाय, थोड्या दाटीवाटीने का होईना, मैफल त्याच दिवशी होते आणि कलाकार गाऊन परततो. ज्या कलाकाराचे संगीत विजेच्या वाद्यांवर उभे आहे त्याला हे चालणार नाही, हे मला मान्य आहे.

विजांच्या बाबतीत मात्र माझे कोणतेही ‘परंतु’ नाही. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत पडते आहे, आणि अशा वेळी सगळ्यांना पक्क्या इमारतीत न्यावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा सुरुवात करू नये. झाडाखाली थांबणे हा आसरा नव्हे, आणि तुमचे अंगण तर झाडांचेच आहे.

छताबद्दल: श्रोत्यांवर छत घालू नये असे मी सांगेन. ताणलेल्या ताडपत्रीवर पावसाचा जो ताशा वाजतो त्याखाली विजेविना वाजणारे गिटार ऐकूच येत नाही. मंचावर आणि ध्वनियंत्रणेवर मात्र छत हवेच, आणि त्याला भरपूर उतार हवा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. सहा बाय चार मीटरच्या सपाट ताडपत्रीवर दहा मिलिमीटर पाणी साचले तर दोनशे चाळीस किलो वजन कलाकाराच्या डोक्यावर लोंबकळते. विजेची जोडणी तीस मिलिअँपिअरला तुटणाऱ्या गळती-स्विचमधूनच (वीज गळू लागताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधूनच) घ्यावी आणि जोडण्या गवतावर पडू न देता उंचावर ठेवाव्यात.

ध्वनिव्यवस्था तुम्ही योजता आहात त्यापेक्षा लहान पुरेल. साहित्य देणारा मोठी सुचवील, कारण खुल्या जागेत आवाज ‘उडून जातो’ हे खरे आहे: परतून यायला भिंती नसल्याने अंतर दुप्पट झाले की पातळी साधारण सहा डेसिबलने उतरते. पण ऐंशी खुर्च्यांची शेवटची रांग दहाबारा मीटरवरच असते. दोन लहान स्पीकर डोक्यांच्या वर उंचावून, किंचित खाली वळवून ठेवले की पुढच्या रांगेच्या कानठळ्या न बसता मागच्या रांगेला शब्द स्पष्ट लागतात. स्वतंत्र कलाकाराच्या मैफलीत लोक नवे शब्द ऐकायला येतात, हे ध्वनितंत्रज्ञाला आधी सांगावे. संगीताच्या जागांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये पंधरा मिनिटांच्या सरासरीने शंभर डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. तुमच्या अंगणात तिच्या जवळपासही जायची गरज नाही.

तक्रारी येतात त्या बहुधा खर्जाच्या धमधमीमुळे. डेसिबल मोजण्याच्या ‘ए’ मापात खालचे स्वर फार कमी धरले जातात, त्यामुळे आकडा कमी दिसत असतानाही शेजाऱ्याची खिडकी थरथरत असते. खालचे स्वर जवळजवळ पूर्ण धरणाऱ्या ‘सी’ मापावरही मोजून पाहावे आणि सबवूफर, म्हणजे खास खर्जाचा स्पीकर, शक्यतो मागवूच नये. शिवाय निरभ्र, वारा नसलेल्या संध्याकाळी सूर्यास्तानंतर जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि आवाजाच्या लहरी वर निघून न जाता खाली वाकतात. ओस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८७४ मध्येच याचे विवेचन केले होते. म्हणून पाच वाजता लावलेली पातळी नऊ वाजता दूरवर अधिक ऐकू जाते. रात्र चढेल तशी ती थोडी उतरवत न्यावी आणि कोणीतरी एकदा कुंपणाबाहेर चक्कर मारून यावे.

याच थंडाव्याचा त्रास सुरांनाही होतो, आणि पहिल्यांदा बाहेर वाजवणाऱ्या कलाकाराला तो आधी सांगून ठेवलेला बरा. पोलादी तारा गार होऊन आखडतात आणि चढतात, तर बासरी किंवा क्लॅरिनेटमधली हवा गार झाली की सूर उतरतो, दर अंशाला सुमारे तीन सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). सहा अंशांचा फरक पडला तर अर्धस्वराचा जवळजवळ पाचवा भाग होतो, आणि वाद्ये एकमेकांपासून उलट दिशांना सरकतात. चामड्याची वाद्ये दमट हवेत सैल पडतात. सुरुवातीलाच नव्हे, तर मध्येही एकदा वाद्ये लावायला पाच मिनिटे कार्यक्रमपत्रिकेत धरावीत.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. कलाकार स्वतःचीच गाणी गाणार म्हणून परवान्याचा प्रश्न नाही, असे धरून चालू नये. बऱ्याच देशांत रचनाकाराने जाहीर सादरीकरणाचे हक्क एखाद्या हक्कसंस्थेकडे, म्हणजे रचनाकारांच्या वतीने शुल्क गोळा करणाऱ्या संस्थेकडे, सोपवलेले असले, तर तो स्वतः गात असतानाही परवाना जागा चालवणाऱ्याने घ्यायचा असतो. १८४७ मध्ये पॅरिसच्या एका खुल्या संगीत-कॅफेत एर्नेस्त बुर्जे या गीतकाराने आपल्याच रचना तिथे फुकट वाजताना ऐकल्या आणि ‘तुम्ही माझ्या गाण्याचे पैसे देत नाही, तर मी तुमच्या पेयाचे देणार नाही’ अशी भूमिका घेतली. प्रकरण न्यायालयात गेले, आणि त्यातूनच पुढे १८५१ मध्ये फ्रान्सची हक्कसंस्था उभी राहिली. हा परवाना रचनाकारांच्या बाजूचा आहे, त्यामुळे त्याचे शुल्क मला कधीच जड वाटले नाही. तुमच्या तिघांपैकी कोण कोणत्या संस्थेचा सदस्य आहे ते विचारून घ्यावे, आणि गाण्यांची यादी आठवडाभर आधी मागून ठेवावी.

जाहिरातीतली ती ओळ तूर्त काढावी आणि तिच्या जागी ‘पावसामुळे बदल झाल्यास त्याच दिवशी दुपारी तीनपर्यंत कळवू’ एवढेच लिहावे. पर्यायी दिनांकाचे पत्र हाती आले की त्यातला तारीख आणि वेळ यांचा परिच्छेद इथे जसाच्या तसा उतरवून द्यावा. नावे व क्रमांक झाकले तरी चालतील, मी वाचून सांगतो.