गाडीच्या पेंटसाठी स्वस्तातलं पॉलिशिंग मशीन कोणतं घ्यावं? रोटरी का ड्युअल ॲक्शन?

उत्तर आधीच सांगून टाकतो, कारणं वाचायची असली तर पुढं वाचा. ८ एमएमचं ड्युअल ॲक्शन मशीन घ्या, ५ इंची प्लेटवालं, ५ हजाराच्या आतलं, आणि उरलेले ३ हजार पॅड अन् कंपाउंडमध्ये (पेंट घासायची पेस्ट) टाका. रोटरी नका घेऊ. निदान पहिलं मशीन म्हणून तरी अजिबात नका घेऊ, दुकानदार कितीही म्हणाला की "सगळे गॅरेजवाले हेच वापरतात" तरी.

तुम्ही लिहिलंय की गाडी गडद निळी स्विफ्ट, ५ वर्षं झाली, सावलीत मस्त दिसते पण उन्हात उभी केली की बोनटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा, डिटेलिंगवाल्यानं ९ हजार सांगितले अन् तुमचं बजेट सगळं मिळून ८ हजार, तर मशीन घेऊन घरीच करावं काय. मी काही डिटेलर नाही भाऊ. नागपुरात मानेवाड्याला राहतो, नोकरी दुसरीच आहे, पण मागच्या ६ वर्षांत घरच्या पोर्चमध्ये माझी, दादाची, साळ्याची अशा मिळून ११ गाड्या केल्या, त्यातली एक खराबही केली, म्हणून लिहून राहिलो.

खराब केली ती दादाची काळी सेडान. तेव्हा माझ्याकडं मशीनच नव्हतं, शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्या पोट्ट्याचं ग्राइंडर मागून आणलं, त्याला लोकरीचं पॅड लावलं अन् झालो सुरू. साधं अँगल ग्राइंडर मिनिटाला ११ हजाराच्या आसपास फेरे मारते, पॉलिशिंगचं रोटरी ६०० ते ३ हजारात चालते, एवढी साधी गोष्ट मले तेव्हा माहीत नव्हती. फेंडरवर ती बॉडीची कडक रेघ असते ना, तिच्यावरून एकदा गेलो, दोन-चार सेकंद असतील, आधी जळका वास आला अन् मग खालचा राखाडी प्रायमर दिसला. पेंटरनं त्या एका फेंडरचे ३२०० घेतले, कलर मॅच केला म्हणाला, पण हिवाळ्यातल्या सकाळच्या उन्हात तो फेंडर अजूनही वेगळा दिसते आणि घरी पाहुणा आला की दादा मुद्दाम त्याला गाडीजवळ नेतो.

हे काहून झालं ते समजलं की मशीन निवडणं सोपं जाते. आजकालच्या गाड्यांच्या पेंटवर सगळ्यात वर जो क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, असतो तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा, डोक्यावरच्या केसाहूनही बारीक. पॉलिश म्हणजे वरून काही लावणं नाही, त्याच थरातले दोन-चार मायक्रॉन घासून काढणं, म्हणजे रेघ जितकी खोल आहे तितका आजूबाजूचा थर खाली आणायचा की रेघ संपली. आता कडेला अन् धारेवर हा थर आणखीच पातळ असतो कारण ओला पेंट तिथून सरकून जातो, आणि वरून पॅडचा सगळा दाब तिथं बोटभर जागेवर येतो. रोटरी एकाच अक्षावर गरगर फिरते, गरमी एका जागी जमते, तुम्ही जरासं रेंगाळले की गेलं. ड्युअल ॲक्शनमध्ये, सगळे डीए म्हणतात त्याला, प्लेट स्वतःभोवती फिरते आणि सोबतच लहान लहान चकराही मारत राहते, त्यामुळे गरमी पसरते, आणि फ्री स्पिनिंगवालं असलं तर जास्त दाबलं की फिरणंच बंद होऊन नुसतं थरथरते. नवख्या माणसाला हेच पाहिजे. शिवाय गडद निळ्या रंगावर शिकाऊ हातानं रोटरी फिरवलं की जाळं जाते पण उन्हात ते पंख्याच्या पात्यासारखे चट्टे दिसतात, त्याला हॉलोग्राम म्हणतात, ते काढायला परत डीएच लागते. मग सरळ डीएच घ्या ना.

८ एमएम, १५ एमएम, २१ एमएम हे जे लिहिलेलं असते ते त्या लहान चकरीचं माप. रुपेस या इटालियन कंपनीची १५ आणि २१ वाली मशीनं फेमस आहेत, मोठ्या सपाट बोनटवर काम झटपट होते, पण त्यांची किंमत आपल्या बजेटच्या कितीतरी पुढं. आणि त्यांच्यासारखी दिसणारी स्वस्तातली १५ एमएमवाली मी दोन हाताळली, दोन्ही इतकी थरथरतात की अर्ध्या तासानं हाताला मुंग्या येऊन चहाचा कपही नीट धरता येत नाही. चकरी मोठी असली की आतलं वजन नीट बॅलन्स करावं लागते अन् स्वस्त मशीनमध्ये नेमका तिथंच पैसा वाचवलेला असतो. वरून स्विफ्टला सपाट जागा आहेच कुठं, दरवाजे गोल, मागचा फेंडर तर फुगीरच, मोठ्या चकरीचं मशीन वाकड्या जागी फिरायचं थांबून जाते. म्हणून ८. ज्यात गिअरनं प्लेट जबरदस्ती फिरवतात असंही एक डीए येते, ते दाबलं तरी थांबत नाही, कट चांगला देते, म्हणजे पेंट जास्त घासते, पण गरमीही जास्त करते, ते दुसऱ्या गाडीच्या वेळी बघा.

एक युक्ती सांगतो, फुकटची आहे. मशीन आणलं की प्लेटच्या कडेवर पर्मनंट मार्करनं एक जाड रेघ मारून ठेवा. काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. रेघ एकाच जागी थरथरत राहिली म्हणजे तुम्ही दाबून राहिले किंवा पॅड तिरपं धरलं, तेव्हा कट काहीच होत नाही आणि सगळी गरमी प्लेटच्या वेल्क्रोत जाते. माझ्या पहिल्या डीएचा वेल्क्रो असाच तिसऱ्या गाडीला उखडला, पॅड उडून थेट तुळशीच्या कुंडीत. कंपनीचं नाव नाही घेत, चूक निम्मी माझीही होती, पण खरा त्रास पुढं झाला: त्या मशीनची प्लेट वेगळी मिळेचना. आटे कुठल्याच दुकानातल्या प्लेटला जुळत नव्हते. इतवारीत लोहा ओळीपासून सुरू करून अर्धा दिवस फिरलो, शेवटी मशीन तसंच पडून राहिलं. तेव्हा विकत घ्यायच्या आधीच विचारा की बॅकिंग प्लेट (पॅड चिकटते ती) सुटी मिळते काय, कोणत्या आट्याची, आणि मोटारीचा कार्बन ब्रश मिळतो काय. डब्यात एक जोडी जास्तीचा कार्बन येत असेल तर उत्तम. मशीन २०० रुपयांनी महाग पण प्लेट गावात मिळणारी, असं असेल तर डोळे मिटून ते घ्या.

डब्यावरच्या आकड्यांवर भुलू नका. ९०० वॅट, १२०० वॅट हे मशीन किती वीज खाते त्याचं माप आहे, पॅडवर किती ताकद पोचते त्याचं नाही, अन् स्वस्त मशीनवर तो आकडा छापताना हातही जरा सैलच असतो. डीएवर २००० ते ६५०० असं लिहिलेलं असते ते मिनिटाच्या चकऱ्या, रोटरीच्या फेऱ्यांशी त्याची तुलना करू नका. त्यापेक्षा दुकानात प्लगला लावून बघा: बटण दाबल्यावर झटका मारते का हळू सुरू होते, स्पीडचं चाक आहे काय, वायर किती लांब, हातात अडीच किलोच्या वर तर नाही ना. दारं करताना ते आडवं धरावं लागते, तेव्हा अर्धा किलोही जाणवते. बॉश, मकिता, डिवॉल्ट यांची जी पॉलिशर आपल्याकडं टूल्सच्या दुकानात समोर ठेवलेली असतात ती बहुतेक रोटरी असतात, मशीन भक्कमच, पण तुमच्या कामाची नाहीत.

साळ्यानं मला विचारलं होतं की घरी लाकडाचं गोल सँडर आहे, त्यालाच फोम लावला तर? नाही जमत, त्याची चकरी अडीच एमएमच्या आसपास असते, पॉलिशरच्या तुलनेत काहीच नाही, दिवसभर घासत बसाल. ते १० इंची, दोन हातांनी धरायचं, टॉवेलचं टोपडं घालतात ते मशीन वॅक्स पसरवायला अन् पुसायला ठीक, रेघा त्यानं जात नाहीत. ड्रिलला लावायचं ३ इंची पॅड फक्त पिवळ्या पडलेल्या हेडलाइटसाठी घ्या, तिथं ते छान काम करते. बॅटरीवालं मशीन दिसायला भारी, पण दोन बॅटऱ्यांच्या पैशात तुमचं वायरवालं मशीन येऊन जाईल.

आता ३ हजाराचं सांगतो, खरा खेळ इथंच आहे. पेंट मशीन कापत नाही, पॅड आणि कंपाउंड कापते. माझ्या जुन्या ४ हजाराच्या मशीनवर नीट पॅड लावून जे काम झालं ते मित्राच्या तिप्पट महागाच्या मशीनवर कडक झालेल्या जुन्या पॅडनं नाही झालं, एकाच दिवशी एकाच बोनटवर करून पाहिलं. फोमचे साडेपाच इंची पॅड घ्या, प्लेटपेक्षा पॅड जरा मोठंच पाहिजे, नाहीतर प्लेटची कड पेंटला लागेल. कटिंगचे (रेघा काढायचे, कडक) ३, फिनिशिंगचे (चमक आणायचे, मऊ) २ तरी. एका पॅडवर अख्खी गाडी होत नाही, फोम गरम होऊन बसून जातो आणि घासलेला पेंट अन् वाळलेलं कंपाउंड त्यात अडकून उलट नव्या रेघा पाडते, दर पॅनेलनंतर जुन्या टूथब्रशनं झाडायचं. लोकरीचं पॅड आत्ता नको. कंपाउंड एक मध्यम, एक फिनिशिंगचं, २५० मिलीच्या बाटल्या पुष्कळ झाल्या कारण एका वेळेला हरभऱ्याएवढे ४-५ थेंबच लागतात, जास्त टाकलं की काम जास्त होते असं नाही, नुसतं उडून काचेवर बसते. उरलेल्यात क्ले बार (पेंटवर चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी), मास्किंग टेप, ६-८ मायक्रोफायबर.

आपल्या नागपूरची गोष्ट वेगळी आहे ती ध्यानात ठेवा. २३ मे २०१३ ला ४७.९ डिग्री पाहिलेलं गाव हे, नवतपात गाडीला हात लावता येत नाही अन् लोक कंपाउंड लावायला निघतात, ते पसरायच्या आत वाळते आणि पांढरी पूड होऊन चिकटते. दिवाळी ते फेब्रुवारी बेस्ट. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे साडेपाचला, सावलीत, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. दुसरी गोष्ट कूलर. तुमची गाडी खिडकीखाली लागते काय? बोरिंगचं पाणी कूलरमध्ये, त्याचे शिंतोडे गाडीवर, उन्हात पाणी उडून जाते पण क्षार तिथंच बसतात, त्याचे पांढरे गोल गोल डाग पडतात. ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर अर्धं पाणी घालून कपड्यानं दोन मिनिटं ठेवा अन् धुवा, निघून जातात, त्याला मशीन लावायची गरज नाही. पेंटमध्ये खड्डा करून बसले असतील तरच पॉलिश.

आणि ते जाळं पडलं कशानं? बहुतेक रोज सकाळी कोरड्या फडक्यानं गाडी झटकली जाते त्यानं. आपल्या रस्त्यांवरची सिमेंटची धूळ म्हणजे बारीक रेतीच, कोरडी घासली की प्रत्येक फटक्याला चार रेघा. मी पहिल्यांदा माझी गाडी दोन दिवस राबून चकाचक केली आणि सोमवारी सकाळी गाडी पुसणाऱ्या काकांनी त्याच जुन्या बनियानच्या कपड्यानं प्रेमानं पुसून दिली, काय बोलणार. ते आधी बंद करा, नाहीतर दरवर्षी ते दोन-चार मायक्रॉन काढत बसाल, आणि क्लिअर कोट एकदा पातळ झाला की आपलं ऊन त्याला सोडत नाही, टपावरून सालपटं निघायला लागतात. ते पॉलिशनं भरून येत नाही, मग थेट पेंटच.

सुरुवात गाडीवर करूच नका. डेंटरकडं फेकायला ठेवलेलं जुनं बोनट किंवा दार असते, १००-२०० रुपयांत देतो, मी तर चहावर आणलं होतं. त्यावर एक रविवार घालवा. मुद्दाम कडेवर जाऊन जाळूनही बघा, किती वेळ लागते ते कळते. मग गाडी धुवून, क्ले मारून, सगळ्या धारांना, काळ्या प्लास्टिकला, रबराला टेप लावा आणि बोनटवर एक हात लांब-रुंद चौकोन घ्या. आधी फिनिशिंग पॅड अन् हलकं कंपाउंड, त्यानं रेघा गेल्या तर कटिंगचं काढूच नका. १ नंबरवर पसरवा, ४-५ वर आडवं-उभं मिळून ४ फेऱ्या, हात अगदी हळू, सेकंदाला एक इंच, हे सगळ्यांना कंटाळवाणं वाटते म्हणून सगळे इथंच चुकतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल अर्धं पाणी करून पुसा, काहून की कंपाउंडमधलं तेल रेघा तात्पुरत्या लपवून ठेवते, आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघा.

गाडीचा कोणता पॅनेल आधी रिपेंट झालाय काय तेही आठवून ठेवा, तिथं थर किती आहे काही भरवसा नसतो, तिथं कमीच घासा. चौकोन झाला की टॉर्चखालचा फोटो इथंच टाका, त्यावरून तुमच्या पेंटला कोणतं पॅड लागेल ते सांगतो.