वाचकांचे प्रश्न : लिनियर रेल एका टोकाला जड का जातात?

प्रश्न : घरी सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेवर लाकूड वगैरे कोरणारं यंत्र) बांधतोय. ॲल्युमिनियम प्रोफाइलवर २० मि.मी.च्या दोन लिनियर रेल (सरळ सरकण्यासाठीच्या पोलादी पट्ट्या) बसवल्या. गॅन्ट्री (दोन्ही रेलवर सरकणारा आडवा पूल) एका टोकाला हाताने सहज सरकते, दुसऱ्या टोकाला अडकते. काय करू?

उत्तर : आधी बॉलस्क्रूचा (गॅन्ट्रीला ढकलणाऱ्या लांब स्क्रूचा) नट सोडवा. तरीही अडकत असेल, तर रेल समांतर नाहीत.

गॅन्ट्री सुट्टी करा. ब्लॉक (रेलवर सरकणारे ठोकळे) रेलवरून काढायचेच असतील तर सोबत आलेल्या प्लास्टिकच्या पट्टीवरच सरकवा, नाहीतर आतले छर्रे सांडतात. पहिली रेल खात्रीच्या सरळपट्टीला टेकवून, मधल्या बोल्टपासून दोन्ही टोकांकडे कसत जा. यापुढे तिला हात लावू नका.

दुसरीचे एम५ बोल्ट जेमतेम टेकवा. भोक ६ मि.मी.चं असतं, त्यामुळे रेल थोडी सरकते. पहिल्या रेलच्या ब्लॉकवर ०.०१ मि.मी.पर्यंत मोजणारा डायल गेज (काट्याचं मापयंत्र) घट्ट बांधा, टोक दुसऱ्या रेलच्या कडेला लावा. ब्लॉक एकेका बोल्टपाशी नेऊन नायलॉनच्या हातोडीने रेल हलकेच ठोका, काटा पहिल्या बोल्टपाशी होता त्याच आकड्यावर आला की बोल्ट कसा. कसताना काटा पुन्हा हलतो, तेव्हा लगेच तपासा. फरक ०.०२ मि.मी.च्या आत हवा. व्हर्नियरने हे जमत नाही, जबडा किंचित तिरपा झाला तरी माप चुकतं.

उंचीही बघा. प्रोफाइल क्वचितच सपाट असतं, खोलगट जागी रेलखाली शिम पत्रा (अगदी पातळ पत्रा) घाला.

शेवटी गॅन्ट्रीच्या एका बाजूचे बोल्ट सैल ठेवून ती दोन-तीनदा टोकापर्यंत फिरवा, मगच कसा.