झाडावर सरळ उभं चढताना सापाच्या डोक्यापर्यंत रक्त कसं पोहोचतं?

सिंहगडाच्या पायवाटेलगत करवंदीच्या जाळीतून हरणटोळ वर सरकताना नीट बघा. अंग सुतळीसारखं बारीक, कातडी घट्ट. मला तर हीच सगळ्यात सुंदर सोय वाटते. कातडी आणि स्नायू असे आवळलेले असले की रक्त शेपटीकडे फारसं साचत नाही. शिवाय झाडावरच्या सापांचं हृदय डोक्याच्या बरंच जवळ असतं, म्हणजे रक्त वर ढकलायचं अंतरच कमी. डोकं वर झालं की मागच्या भागातल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, ठोकेही वाढतात.

समुद्रसापाचं हृदय मात्र शरीराच्या मध्याकडे असतं. पाण्याचा दाब बाहेरून आधार देतो, त्यामुळे त्याचं भागतं. हवेत उभा धरला तर त्याच्या डोक्याकडचा रक्तदाब जवळजवळ शून्यावर येतो.