मांडणीवरच्या ट्रेमधील हिरवा चारा: पशुपालकांचे प्रश्न आणि उत्तरे

मातीशिवाय, केवळ पाण्यावर, मांडणीवरच्या ट्रेमध्ये वाढवलेल्या मक्याच्या चाऱ्याविषयी या वेळी बरीच पत्रे आली आहेत. ज्यांच्या गोठ्यात दोन-चार जनावरे आहेत आणि उन्हाळ्यात ज्यांच्याकडे हिरवी काडीही शिल्लक राहत नाही, अशा पशुपालकांचे प्रश्न येथे प्राधान्याने घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे दोन संकरित गाई आहेत. विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते. एक किलो मक्यापासून आठ दिवसांत दहा किलो हिरवा चारा मिळतो आणि तो सुरू केला की पेंड बंद करता येते, असे सांगून एक विक्रेता वातानुकूलित यंत्र घेण्याचा आग्रह करीत आहे. त्यासाठी कर्ज काढावे का?
— एक पशुपालक, ता. आटपाडी, जि. सांगली

उत्तर : कर्ज काढू नये. ट्रेमधील चारा उपयोगाचा आहे आणि आपल्या परिस्थितीत तो अवश्य करून पाहावा. मात्र त्याच्याकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आधी हिशेबाने समजून घ्यावे. एक किलो मक्याच्या दाण्यात सुमारे ८९० ग्रॅम शुष्क पदार्थ, म्हणजे पाणी वगळून उरणारा खरा अन्नांश असतो. दाणा रुजू लागला की अंकुराची वाढ त्याच्यातील पिष्टमय पदार्थ जाळूनच होते. या सात-आठ दिवसांत त्याला जमिनीतून काहीही मिळत नाही आणि कोवळ्या पात्यांना सूर्यप्रकाशातून स्वतःचे अन्न तयार करण्यास पुरेसा अवधीही मिळत नाही. त्यामुळे आठव्या दिवशी हाती येणाऱ्या सहा किलो चाऱ्यात शुष्क पदार्थ साधारण १३ टक्के, म्हणजे अवघा ७८० ग्रॅम भरतो. वजन सहापट झाले ते पाण्यामुळे, आणि अन्नांश मात्र शंभर ग्रॅमहून अधिक घटला. किलोला दहा किलो चारा निघाला असे कोणी दाखवले, तर त्या चाऱ्यात पाण्याचा अंश आणखी वाढला आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो.

प्रथिनांचे प्रमाण वाढते, हा दावाही याच अंगाने तपासावा. दाण्यात ८ ते ९ टक्के असलेली प्रथिने चाऱ्याच्या शुष्क पदार्थात १३ टक्क्यांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. परंतु प्रथिने बनण्यास नत्र लागते आणि मका हे हवेतील नत्र बांधून घेणारे पीक नव्हे. साध्या पाण्यावर वाढलेल्या अंकुरात नवे नत्र येण्यास वावच नसतो. पिष्ट जळून गेल्यामुळे उरलेल्या भागात प्रथिनांचा वाटा मोठा दिसतो. म्हणून पेंड बंद करणे चुकीचे ठरेल. ४०० किलो वजनाच्या दुभत्या गाईला दिवसाला १० ते १२ किलो शुष्क पदार्थ लागतो आणि दहा किलो ट्रेच्या चाऱ्यातून त्यातील सव्वा किलोच्या आसपासच पोटात जातो. उरलेले सारे कडबा, भुसा, पेंड आणि खुराक यांतूनच यावे लागते. आंबोणातील मक्याचा भरडा मात्र दहा किलो चाऱ्यामागे दीड किलोपर्यंत कमी करता येतो, कारण तोच मका आपण दुसऱ्या रूपात देत असतो.

आता खर्चाकडे पाहू. २०२५-२६ साठी मक्याची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २,४०० रुपये आहे. त्या दराने धरले, तरी एक किलो ट्रेच्या चाऱ्यात नुसत्या बियाण्याचे चार रुपये होतात. शुष्क पदार्थावर हिशेब केला तर दाणा थेट भरडून दिल्यास किलोमागे २७ रुपये आणि रुजवून दिल्यास जवळजवळ ३१ रुपये पडतात, आणि त्यात मजुरी, वीज किंवा यंत्राचा हप्ता धरलेलाच नाही. साध्या शेडनेटखालच्या पद्धतीत सुमारे नव्वद टक्के खर्च बियाण्याचाच असतो, म्हणूनच ती परवडते. वातानुकूलित यंत्राचा हप्ता आणि वीजबिल त्यावर चढवले, तर दोन गाईंच्या दुधातून ते निघणे कठीण आहे.

एवढे असूनही मी हा चारा करून पाहा असे म्हणतो, याचे कारण केवळ कोरड्या चाऱ्यावर महिनोन्महिने राहिलेल्या जनावराला ज्याची उणीव भासते, ते यातून मिळते. कडब्यात कॅरोटीन जवळपास नसते. हिरव्या अंकुरात ते असते आणि जनावराच्या शरीरात त्यापासून अ जीवनसत्त्व तयार होते. गाभण गाई, माजावर न येणाऱ्या कालवडी आणि नुकतीच विलेली जनावरे यांना त्याची गरज सर्वाधिक असते. शिवाय हा चारा रुचकर आणि पचायला हलका असल्यामुळे त्यात मिसळलेली कुट्टीही जनावर मागे न ठेवता खाते. आणि आपल्या तालुक्यासाठी सर्वांत मोलाची गोष्ट पाण्याची आहे: एक किलो चाऱ्याला दीड ते तीन लिटर पाणी पुरते. दोन गाईंच्या वीस किलो चाऱ्याला दिवसाला साठ लिटरहून अधिक पाणी लागू नये. टँकरच्या दिवसांतही तेवढे पाणी राखता येईल.

गोव्यात जमीन थोडी आणि चाऱ्याची टंचाई मोठी, त्यामुळे तेथे जुन्या गोव्यातील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेत या पद्धतीवर दीर्घकाळ काम झाले आणि मक्याचे बी, शेडनेट व हाताने पाणी अशी कमी खर्चाची रचनाही तेथे तपासली गेली. आपणही त्याच वाटेने जावे आणि गाईमागे दिवसाला पाच ते दहा किलो चारा एवढेच उद्दिष्ट ठेवावे.

प्रश्न : घरच्या घरी मांडणी उभी करायची आहे. ट्रे ३ फूट बाय २ फूट मिळाले आहेत. किती ट्रे लागतील, दोन कप्प्यांत अंतर किती ठेवावे आणि पाणी कसे द्यावे?
— एक वाचक, ता. सिन्नर, जि. नाशिक

उत्तर : अशा एका ट्रेमध्ये दोन किलो कोरडा मका बसतो आणि त्यापासून दहा ते बारा किलो चारा निघतो. दोन गाईंसाठी रोज दोन ट्रे काढायचे असतील, तर आठ दिवसांच्या चक्राला सोळा ट्रे लागतात. त्याशिवाय दोन ट्रे हाताशी जादा ठेवावेत, कारण रिकामा झालेला ट्रे धुऊन उन्हात पूर्ण वाळल्याखेरीज पुन्हा भरणे योग्य नाही, आणि हे जादा ट्रे नसले की नेमकी हीच पायरी गाळली जाते.

मांडणी बांबूची, लोखंडी अँगलची किंवा जाड पीव्हीसी पाइपची चालते, पण वजनाचा विचार आधी करावा. तयार चाऱ्याचा एक ट्रे पाण्यासह बारा किलोंच्या पुढे जातो. आठ ट्रेच्या मांडणीवर शंभर किलोंच्या आसपास भार येतो आणि पातळ पाइप मधोमध वाकतो. पाइप वाकला की ट्रेचा उतार जातो, आणि या साऱ्या रचनेत उतार ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. ट्रेच्या तीन फूट लांबीत एका टोकाला दुसऱ्यापेक्षा एक इंच उंची द्यावी आणि खालच्या टोकाला बारीक भोके पाडावीत. पाणी दाण्यांवरून वाहून जावे, दाण्यांखाली साचू नये. भोके एवढी लहान असावीत की दाणा त्यांत अडकणार नाही, आणि वरच्या ट्रेचे पाणी खालच्या ट्रेवर न पडता बाजूच्या नळीत किंवा पन्हाळीत जावे. नाहीतर वरच्या एका ट्रेमध्ये लागलेली बुरशी खालच्या सर्व कप्प्यांत पोहोचते. निथळलेले पाणी पुन्हा चाऱ्यावर फिरवण्याचा मोह याच कारणासाठी टाळावा. ते परसातल्या भाजीला किंवा झाडांना घालावे. आठव्या दिवशी रोपे २० ते ३० सेंटीमीटर उंच होतात, त्यामुळे दोन कप्प्यांत सव्वा ते दीड फूट अंतर हवे. वर हात घालून ट्रे ओढता आला पाहिजे. सर्वांत वरचा कप्पा आपल्या खांद्याच्या वर नेऊ नये, कारण भरलेला ट्रे रोज उतरवण्याचे काम बहुतेक घरांत स्त्रियांकडेच येते.

बी निवडताना फुटके दाणे काढून टाकावेत. पाण्यात टाकल्यावर तरंगणारे दाणेही बाजूला करावेत. पोती विकत घेण्यापूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात रुजवून पाहावेत. ऐंशीपेक्षा कमी रुजले, तर तो मका भरड्यासाठी वापरावा, ट्रेसाठी नाही, कारण न रुजलेला प्रत्येक दाणा ट्रेमध्ये कुजतो. निवडलेले बी बारा तास भिजवून, निथळून, ओल्या गोणपाटात चोवीस तास बांधून ठेवले की मोड फुटतात. मग ते ट्रेमध्ये एक ते दीड सेंटीमीटर जाडीच्या थरात पसरावे आणि त्यानंतर हलवू नये.

पाणी फॉगरने, म्हणजे धुक्यासारखे बारीक तुषार सोडणाऱ्या तोटीने, द्यायचे असल्यास दिवसभरात दर दोन तासांनी काही मिनिटे पुरेसे होते. वीज बेभरवशाची असेल तर झारीने किंवा हाताने चालणाऱ्या फवारणी पंपाने दिले तरी चालते. येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो: शेतात कीटकनाशक किंवा तणनाशक फवारलेला पाठीवरचा पंप कितीही धुतला, तरी या कामासाठी वापरू नये. त्यात राहिलेला अंश थेट चाऱ्यावर आणि तेथून दुधात जाऊ शकतो. चाऱ्यासाठी वेगळा पंप ठेवावा आणि त्याला ठळक खूण करावी.

प्रश्न : आमच्या ट्रेमध्ये तिसऱ्या दिवशीच पांढरे तंतू दिसतात. पावसाळ्यात तर वासही येतो. वरची हिरवी पाती कापून जनावरांना घालावीत का?
— एक वाचक, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : पांढरे दिसणारे सगळेच बुरशी नसते, हे प्रथम लक्षात घ्यावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मक्याच्या मुळावर अतिशय नाजूक मूळरोम येतात आणि ते कापसासारखे दिसतात. ते मुळाभोवतीच, सगळीकडे सारखे असतात आणि पाणी शिंपडले की मुळाला चिकटून दिसेनासे होतात. बुरशीचे तंतू एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाळ्यासारखे पसरतात, पाण्याने नाहीसे होत नाहीत, पुढे करडे, हिरवट किंवा काळे पडतात आणि त्यांना कुबट, आंबूस वास येतो. आपण वासाचा उल्लेख केला आहे, त्यामुळे पावसाळ्यातील आपल्या ट्रेमध्ये बुरशीच असावी.

असा ट्रे पूर्ण टाकून द्यावा. वरची पाती कापून घालणे, किंवा दुधावर नसलेल्या जनावराला घालणे, हे दोन्ही टाळावे. बुरशीचे विष डोळ्यांना दिसणाऱ्या तंतूंपुरते मर्यादित नसते. रुजवलेल्या धान्यावर वाढणाऱ्या अ‍ॅस्परजिलस क्लॅव्हेटस या बुरशीमुळे जनावरांना कंप सुटणे, मागचे पाय लटपटणे, कोसळणे आणि मृत्यू येणे असे प्रकार इतर देशांत नोंदले गेले आहेत. दुसरी भीती अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाची. खाद्यातील अफ्लाटॉक्सिन बी-१ गाईच्या शरीरातून एम-१ या रूपात दुधात उतरते, दूध उकळल्याने ते नष्ट होत नाही, आणि आपल्या देशात दुधात त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम एवढी कडक आहे. दोन किलो मका वाया गेल्याचे दुःख मी समजू शकतो, परंतु तो ट्रे खताच्या खड्ड्यातच गेला पाहिजे.

कोकणातील पावसाळी हवेत आर्द्रता आपोआपच जास्त असते, म्हणून तेथे पाणी कमी वेळा द्यावे, थर पातळ ठेवावा, मांडणी भिंतीपासून हातभर दूर ठेवावी आणि हवा खेळती राहील असा पंखा लावावा. प्रत्येक वेळी ट्रे ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासून, साध्या पाण्याने धुऊन वाळवावेत. आणि खरे सांगायचे तर जून ते ऑक्टोबर आपल्याकडे बांधावर गवत उभे असते. त्या महिन्यांत ही मांडणी बंद ठेवावी, हाच माझा सल्ला आहे.

प्रश्न : मक्याऐवजी घरची ज्वारी वापरली तर चालेल का? दुकानात उरलेले संकरित मक्याचे बियाणे स्वस्तात मिळते, ते घ्यावे का?
— एक वाचक, ता. गेवराई, जि. बीड

उत्तर : दोन्ही नकोत. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांत धुरिन नावाचे द्रव्य असते आणि जनावराच्या पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. किराळ लागून जनावर दगावते ते याच विषाने, आणि ट्रेमधील आठ दिवसांचा अंकुर हीच त्या पिकाची सर्वांत घातक अवस्था आहे. गहू, बार्ली किंवा बाजरी चालते, तरी दर आणि उतारा पाहता मकाच बरा. पेरणीसाठी विकल्या जाणाऱ्या लाल, निळ्या किंवा हिरव्या बियाण्याला कीडनाशकाची प्रक्रिया केलेली असते. ते कितीही धुतले तरी चाऱ्यासाठी वापरू नये.

प्रश्न : चाऱ्याच्या पाण्यात पोषक द्रावण मिसळल्यास उत्पादन वाढते का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : सात-आठ दिवसांचा अंकुर दाण्यातील साठ्यावरच वाढतो, त्यामुळे विकतच्या द्रावणाचा खर्च भरून येईल एवढा फरक पडत नाही. साधे स्वच्छ पाणी वापरावे. तेच पैसे जनावरांच्या खनिज मिश्रणावर खर्च करावेत.

प्रश्न : माझ्याकडे तीन म्हशी, पाच गुंठे मोकळी जमीन आणि मे महिन्यातही थोडे पाणी देणारी कूपनलिका आहे. मी मांडणी करावी की नाही?
— एक वाचक, ता. फलटण, जि. सातारा

उत्तर : आपण मांडणीच्या आधी त्या पाच गुंठ्यांत बहुवार्षिक गवत लावावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले जयवंत हे संकरित नेपियर एकदा लावले की काही वर्षे कापणी देत राहते, ठिबकवर थोड्या पाण्यात तगते आणि जमीन, सूर्यप्रकाश व शेणखत यांच्या बळावर खरोखर नवा अन्नांश तयार करते. पहिली कापणी येईपर्यंतच्या दोन-अडीच महिन्यांसाठी, किंवा पुढे एखाद्या उन्हाळ्यात कूपनलिका आटली तर, आठ-दहा ट्रेची लहान मांडणी उपयोगी पडेल. त्या वेळी पहिल्या दिवशी म्हशीमागे एक-दोन किलोच चारा द्यावा आणि आठवडाभरात तो वाढवत न्यावा. मुळांची गादी हाताने फाडून किंवा कुट्टी यंत्रातून काढून कडब्याच्या कुट्टीत मिसळावी, म्हणजे म्हशी केवळ कोवळा भाग वेचून खाणार नाहीत. मुळे आणि दाण्यांचा उरलेला भाग झटकून टाकू नये. चाऱ्यातील अन्नांशाचा मोठा वाटा त्यांतच असतो.