आयर्लंडमधल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने अमेरिकेत ग्राहक शोधायला सुरुवात कुठून करावी?

‘एंटरप्राइझ आयर्लंड’पासून करा, ‘आयडीए’पासून नव्हे. दोन्ही आयरिश सरकारच्याच संस्था, पण कामं उलट दिशेची: आयडीए परदेशी कंपन्यांना आयर्लंडमध्ये आणते, एंटरप्राइझ आयर्लंड आयरिश कंपन्यांना बाहेर माल विकायला मदत करते. नाव आयडीएचं जास्त कानावर पडतं, त्यामुळे गल्लत होते. एंटरप्राइझ आयर्लंडची न्यूयॉर्क, बोस्टन, सॅन फ्रान्सिस्को इथे कार्यालयं आहेत. तिथली माणसं बाजाराची माहिती देतात आणि संभाव्य ग्राहकांशी गाठ घालून देतात. अनोळखी ईमेल पाठवत बसण्यापेक्षा हे बरं. मात्र कंपनीत १० पेक्षा कमी माणसं असतील, तर आधी आपल्या भागातल्या ‘लोकल एंटरप्राइझ ऑफिस’चं दार ठोठवा.

आणखी एक वाट घरापासूनच निघते, आणि माझ्या मते तीच जास्त कामाची. गूगल डब्लिनमध्ये आहे, ॲपल तर १९८० पासून कॉर्कमध्ये. अशा एखाद्या अमेरिकी कंपनीच्या आयरिश कार्यालयाला आधी विका, म्हणजे अमेरिकेत सांगायला एक ओळखीचं नाव मिळेल. फक्त खरेदीचा निर्णय इथे होतो की कॅलिफोर्नियात, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.