पहिल्याच सभेत बोल

बाळा,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि झोप उडाली. नगरपालिकेत मागितलीस पाणीपुरवठा समिती, हातात आली महिला व बालकल्याण, आणि गटनेते म्हणतात, पहिली टर्म आहे, आधी शिकून घ्या. गप्प बसू का, असं विचारतेस? अजिबात नाही. पहिल्याच सभेत बोल.

शर्ली चिझम जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात गेल्या. तिथं पोहोचलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. वडील गोणपाटाच्या कारखान्यात, आई शिवणकाम करायची, लोकांच्या घरची कामं करायची. स्वतः बालवाडीच्या शिक्षिका. मतदारसंघ ब्रुकलिनचा, दाट वस्तीचा. त्यांना हवी होती शिक्षण आणि कामगार समिती. दिली कृषी समिती, त्यातही वनं आणि खेड्यांची उपसमिती! सभापती मॅकॉर्मॅक यांनी समजूत घातली की मिळालं ते निमूट घ्या. बाई पक्षाच्या बैठकीत उभ्या राहिल्या. ज्येष्ठांना बोलायला मिळत होतं, यांच्याकडे कुणी बघेना. पुन्हा उभ्या राहिल्या, पुन्हा तेच. मग सरळ चालत अध्यक्षांच्या आसनापुढं जाऊन थांबल्या. आता विचारल्याशिवाय सुटका नव्हती. कृषी समितीतून त्यांचं नाव निघालं, माजी सैनिकांच्या समितीत गेलं. माझ्या भागात झाडांपेक्षा माजी सैनिक जास्त आहेत, म्हणत त्यांनी ती घेतली. शिक्षण आणि कामगार समिती मिळायला १९७१ उजाडलं. पुढची टर्म! तरी मागणी पहिल्याच महिन्यात केली होती, हे विसरू नकोस.

आणि बोलणारी बाई भांडकुदळ असते, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? १९७२ मध्ये त्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरल्या. स्वतःच्या समाजातले पुढारी बाजूला राहिले, महिला चळवळीतल्या पुष्कळ जणी काठावर उभ्या. तरीही पक्षाच्या अधिवेशनात १५२ प्रतिनिधींची मतं पडली. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचे प्रतिस्पर्धी जॉर्ज वॉलेस, वर्णभेदाचे कट्टर पुरस्कर्ते, गोळीबारात जखमी झाले. बाई त्यांना दवाखान्यात भेटायला गेल्या. समर्थक चिडले. पण पुढं घरकामगारांना किमान वेतन लागू करायचा प्रश्न आला तेव्हा वॉलेस यांनी दक्षिणेतल्या खासदारांची मतं मिळवून द्यायला मदत केली, असं त्या सांगत. तो कायदा १९७४ चा. त्यांची आई तेच काम करायची.

मला अजून ऐकवतात, ताई, थोडं जमवून घेतलं असतंत तर नगराध्यक्ष झाला असता. झालेही असते. पण पाण्याच्या टाकीची फाइल हलली ती मी सभागृहात उभी राहिले म्हणून. आडमुठी म्हणतात, म्हणू देत. सलतं ते वेगळंच. इतिवृत्तात माझ्या बोलण्याची एक ओळही आली नाही आणि टाकीच्या पाटीवर भलत्यांची नावं लागली.

म्हणून नुसतं बोलू नकोस, लेखी दे. अर्जाच्या दोन प्रती कर, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घे. कुठल्या गल्लीत नळ किती वाजता येतो आणि किती मिनिटं चालतो, ते बायकांना विचारून लिहून आण. समिती बदलून मिळेल असं मी म्हणत नाही. मिळणारही नाही कदाचित. तरी पहिल्याच सभेत बोल. अर्जाचा मसुदा शनिवारी घेऊन ये, दोघी बसून बघू. आणि बालकल्याणची पहिली बैठक चुकवू नकोस. अंगणवाडीलाही पाणी लागतं, तोही विषय तिथंच काढ.

तुझी,
ताई